चिठ्ठीतला तिसरा गोल

माझ्या धाकट्या भावाचं कॉलेज मी बुडवलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. आणि तेही एका बोटभर चिठ्ठीने आणि दोन पानी पत्राने. घर बुडवायला लोक दारू पितात, जुगार खेळतात, कोर्टाच्या पायऱ्या चढतात. मला शाईची एक दौत पुरली. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, सातवी पास होते आणि दुबईत राहत होते, म्हणजे जगातलं जे काही कळायचं ते मला कळून चुकलं होतं.

हे सगळं आत्ता उकरायचं कारण माझी नात. ती युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळते. परवा इथं दुबईत, अल कुसैसला आमच्या फ्लॅटवर आली ती हातात कागद घेऊन. खेळणाऱ्या मुलांनी कुणाकडून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, याचे नियम. कॉलेजने दिलेले बूट चालतात, बाहेरच्या कुणी दिलेला फोन चालत नाही, जेवणाचं आमंत्रण आलं तर आधी ऑफिसला विचारायचं. पानभर असंच. खाली सही.

मी म्हटलं, "आणि मामाने वाढदिवसाला दिलेला तो कानात गाणी वाजवायचा डबा? तो?"

"नानी, रिलॅक्स. फॅमिली इज अलाउड."

मी इतकी हसले की दातांची कवळी सांभाळावी लागली. पोरगी घाबरली. तिला काय सांगू, की बाई गं, बाहेरच्यांपासून तुला हा कागद वाचवेल, पण घरच्यांपासून तुला कोण वाचवणार?

तर माझा भाऊ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव, बाप जहाजावरचा खलाशी, हात यंत्रात सापडला तेव्हापासून घरी बसलेला. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा भाऊ पहिलाच. तोही डोक्याने कमी आणि पायाने जास्त गेला. हॉकी असा खेळायचा की मुंबईच्या कॉलेजने त्याला फी माफ केली, हॉस्टेलमध्ये खोली दिली. अट एकच. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली पाहिजे, आणि खेळाडू म्हणून हात स्वच्छ राहिला पाहिजे. खेळावरून कुणाकडून काही घ्यायचं नाही. तसं लिहून त्याने सही केली होती. निवड झाली तर बी.ए. पुरं, नाही झाली तर खोली गेली, फी गेली, खलास.

बी.ए.च्या मधल्या वर्षाची परीक्षा देऊन तो सुट्टीत माझ्याकडे दुबईला आला. तेव्हा इथं आपला रुपयाच चालायचा, आणि आगबोट बाहेर समुद्रात थांबायची. माणसं होडीतून खाडीत यायची, उलट्या करत. माझा भाऊ मात्र हॉकी स्टिक खांद्यावर टाकून, हसत उतरला. माझे मिस्टर दुबईच्या देरा भागात एका शेटच्या पेढीवर क्लार्क होते. शेट आमच्याच जिल्ह्यातला. घड्याळं, कापड, चहा, जे येईल ते आणायचा आणि जिथं जाईल तिथं विकायचा. मनाने मोठा माणूस. पण आपलं मन मोठं आहे हे चार माणसांनी बघितलं पाहिजे, ही त्याची अट.

शारजाच्या छावणीतल्या गोऱ्यांची हॉकीची टीम होती. आमच्या पेढ्यांवरच्या पोरांनी त्यांच्याशी मॅच लावली. मैदान म्हणजे खाडीमागची खारी जमीन, उन्हाने तापून पाटासारखी कडक झालेली. आम्ही बायका शेटच्या लॉरीच्या सावलीत बुरखे सावरून बसलो होतो. मी सावरून बसले होते असं म्हणणं खोटं आहे. भावाने पहिला गोल मारला तेव्हा मी उभी राहून ओरडले, दुसरा मारला तेव्हा लॉरीच्या चाकावर चढले. तिसरा गोल आमच्या पेढीवरच्या जाड्या टायपिस्टने मारला. भावाने सगळ्यांना चुकवून बॉल नेला आणि त्याच्यासमोर ठेवला. टायपिस्टने फक्त स्टिक लावली, आणि लावून झाल्यावर धाडकन पडला. मी तिथल्या तिथं निकाल देऊन टाकला, की बॉल दिला कुणी? भावाने. मग गोल कुणाचा? भावाचा.

मॅच जिंकली. शेट लॉरीच्या पायरीवर उभा राहिला, खिशातून डबी काढली. सोनेरी पट्ट्याचं मनगटी घड्याळ.

"ये रे पोरा. इथं कप-बिप कुठला मिळायला? हे घाल हातात."

भावाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "शेट, माफ करा. आम्हाला चालत नाही. सही केलीय मी. कप, मेडल, हार आणि नाश्ता, एवढंच घेता येतं."

"नाश्ता चालतो आणि घड्याळ चालत नाही?" शेटने सगळ्यांकडे बघितलं. "मग खाऊन टाक घड्याळ!"

सगळे हसले. शेट पण हसला, पण डबी पुढे धरलेला हात तसाच राहिला. तो हात मागे कसा न्यायचा हे त्याला कळेना. माझ्या मिस्टरांचा चेहरा उतरला. त्या एका हातावर आमचं घर चाललं होतं. आणि तिथं, सगळ्या मैदानासमोर, तुमची ही हुशार बाई पुढे झाली. बुरख्यातून हात काढला आणि म्हणाली, "भावाचं मी घेते, शेट. तुमचा मान आम्ही मोडायचो नाही."

"बघा! बहीण शहाणी आहे," शेट म्हणाला.

हे वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही.

इथवर झालं ते मी आजही चूक मानत नाही. शेटचा हात अधांतरी ठेवून आम्ही दुबईत राहू शकलो नसतो. शहाणपण सुरू झालं घरी आल्यावर.

भाऊ म्हणाला, "बुबू, परत दे ते." आमच्यात मोठ्या बहिणीला बुबू म्हणतात.

"शेटला परत? तुझ्या भावोजींना उद्या बोटीत बसवू का?"

"मग तू ठेव. तुझं म्हणून वापर, वीक, खाडीत टाक. मला नको."

"अरे पण कोण बघतंय? मध्ये अख्खा समुद्र आहे. तुझे सर काय पोहत येणार आहेत?"

"सर नाही येणार. पण सही माझी आहे ना?" आणि मग, "बुबू, हे गेलं तर माझं सगळंच गेलं. तुला कळतंय ना?"

"कळतंय रे," मी म्हटलं. काही कळलं नव्हतं. माझं लक्ष गावाकडे लागलं होतं.

त्याचं असं, की आमच्याकडची माणसं गल्फहून गावी जायची तेव्हा एका पेटीत दहा घरांच्या वस्तू असायच्या. म्हणून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. कुणाकडून, कुणाला. पेटी घरी पोचली की पडवीत उघडायची, अख्खा मोहल्ला गोळा व्हायचा, आणि लिहितं-वाचतं पोर एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायचं. चिठ्ठी म्हणजे पत्ता थोडा आणि दवंडी जास्त. कुणाच्या जावयाने काय धाडलं, कुणाच्या लेकाने आईला विसरून बायकोलाच अत्तर पाठवलं, सगळं तिथं जाहीर व्हायचं. आमच्या मोहल्ल्यात दहाव्या वर्षापासून चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्या भावाकडेच होतं. खणखणीत आवाज होता त्याचा. समोरच्या घरच्या चाचीचा जावई बहरीनला होता. त्याने रेडिओ पाठवला त्या दिवशी चाची माझ्या आईला म्हणाली होती, "तुमच्या लेकीच्या चिठ्ठीवर साबणाशिवाय काही दिसलं नाही गो अजून."

तो साबण माझ्या डोळ्यांत गेला होता.

पेटी भरायचं काम बहिणीचं. जुम्म्याला सगळे पुरुष नमाजला गेले तेव्हा मी भरली. खजुराचा डबा, आईला कापड, बापाला लुंगी. लुंगीच्या घडीत ती डबी ठेवली. मला वाटलं, पडवीत निघाली की गावासमोर नाही म्हणायची त्याची छाती होणार नाही. आणि डबीला चिठ्ठी बांधली. माझं अक्षर चांगलं होतं, दुर्दैवाने. लिहिलं: "शेटकडून. गोऱ्या साहेबांवर तीन गोल मारले म्हणून घड्याळ बक्षीस. मोठ्याने वाचणे."

मोठ्याने वाचणे! पेशव्यांचं फर्मान असावं तसं.

बोटीला उशीर झाला. कॉलेज सुरू होत होतं, म्हणून भाऊ गावी गेलाच नाही. पेटी घेऊन थेट हॉस्टेलवर गेला. दुसऱ्या दिवशी खोलीत खजुराचा डबा उघडला तेव्हा पोरांची गर्दी झाली. त्यात त्यांचे खेळाचे सरही खजूर खायला आले. सर त्याला जीव लावायचे. पोरांनी पेटीत हात घातले, कुणाला तरी लुंगी सापडली, लुंगीत डबी, डबीला चिठ्ठी. "अरे, चिठ्ठी आहे, चिठ्ठी! वाच!" त्याच्या हातात दिली. आणि माझ्या भावाने दहाव्या वर्षापासूनची सवय म्हणून ती खणखणीत आवाजात, अगदी शेवटच्या दोन शब्दांसकट, वाचली. आपण काय वाचलं ते त्याला वाचून झाल्यावर कळलं.

सरांनी तोंडातला खजूर गिळला. मग म्हणाले, "एकट्याने ऐकलं असतं तर मी बहिरा झालो असतो रे. इथं दहा जण आहेत."

प्रकरण कमिटीपुढे गेलं. तरी सरांनी वाट काढली होती. भावाने खरं खरं लिहून दिलं: गोल मी दोन मारले, घड्याळ नाकारलं, बहिणीने शेटच्या मानासाठी घेतलं, पेटीत ठेवलं ते मला माहीत नव्हतं. सर कमिटीला म्हणाले, बहिणीला विचारा. तिचंही म्हणणं हेच आलं तर घड्याळ परत पाठवू, पोराला समज देऊ, संपवू. कमिटी कबूल झाली. पण उत्तर पढवलेलं नको, म्हणून पत्रात आणखी काही लिहायचं नाही, असं ठरलं.

माझ्या हातात ते पत्र पडलं तेव्हा मिस्टर शेटच्या मालाबरोबर लाँचने फुजैऱ्याला गेले होते. चांगल्या शुद्ध मराठीत पत्र होतं, वर कॉलेजचा शिक्का. "आपल्या बंधूंस मनगटी घड्याळ कोणी व कोणत्या कारणास्तव दिले, ते सविस्तर कळवावे."

आता मला सांगा, कॉलेज असं का विचारेल? शहाण्या माणसाला शंका येईल. मला आली नाही. मला वाटलं, कॉलेजात तो लाकडी बोर्ड असतो ना, ज्यावर सोनेरी अक्षरांत नावं लिहितात, त्यावर हे लिहायचं असणार! म्हणून तर सविस्तर. मी दोन पानं सविस्तर लिहिली. खाऱ्या जमिनीचं वर्णन केलं, गोऱ्यांच्या लाल चेहऱ्यांचं केलं. "माझ्या बंधूंनी एकट्याच्या बळावर तीन गोल केले" असं लिहून तीनच्या खाली रेघ मारली. शेटने स्वहस्ते घड्याळ दिलं असं लिहिलं. भाऊ आधी नाही म्हणाला होता, हे मी मुद्दाम गाळलं. शेटचा अपमान सोनेरी अक्षरांत कसा जाऊ द्यायचा? मग पत्र घडी केलं, अत्तराचं बोट लावलं, आणि बोट सुटायची म्हणून धावत पोस्टात टाकून आले. अत्तर लावलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भावाचंही पत्र निघालं होतं, कॉलेजचं पत्र आलं त्याच बोटीने. पण त्याने ते पोस्टात टाकलं नव्हतं. एवढी महत्त्वाची गोष्ट आपली माणसं पोस्टावर कशी सोडतील? गावच्या एका चाचाच्या हाती दिलं होतं, सदऱ्याच्या आतल्या खिशात, बुबूच्याच हातात द्यायचं म्हणून. चाचा बोटीतून उतरला आणि आधी शारजाला मेहुण्याकडे आठ दिवस राहायला गेला. बिर्याणी खाऊन, झोपा काढून, नवव्या दिवशी माझ्या दारात आला.

"यल्ला बेटी, चहा टाक. तुझ्या भावाची अमानत आणलीय, अगदी जपून."

मी चहा टाकला. मग पत्र वाचलं. "बुबू, कॉलेज तुला विचारील. जे झालं तेवढंच लिही. मी नको म्हणालो ते लिही. गोल दोन. काही वाढवू नकोस, तुला माझी शपथ." चहा उतू गेला. चाचा म्हणाला, "अगो, दूध!"

माझं पत्र तोवर मुंबईला पोचलं होतं.

मिस्टर आले तेव्हा त्यांनी तार केली. गोल दोन, भावाने नाकारलं, चूक माझी. तारेत अत्तर लावता येत नाही, एवढंच तिचं बरं. पण कमिटीची बैठक होऊन गेली होती, आणि तारेने उलटंच झालं. भाऊ दोन गोल म्हणतो. चिठ्ठी तीन म्हणते, पत्र तीन म्हणतं, खाली रेघ मारून म्हणतं, आणि आता निकाल लागल्यावर तार दोन म्हणते! म्हणजे पोराने बहिणीला शिकवलं. जो गोलांच्या आकड्यात खोटं बोलतो, त्याने घड्याळ नाकारलं यावर कुणी विश्वास ठेवावा? भावाचं नाव टीममधून काढलं. फीची माफी गेली, खोली गेली. बापाच्या एका हाताने मुंबईचं कॉलेज झेपणारं नव्हतं.

पुढच्या वर्षी शेट मुंबईला गेला होता, तेव्हाची एक गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर ती घशात अडकून राहते. माझ्या भावाचं ऐकून त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. काहीतरी करावं म्हणून तो त्या कॉलेजात गेला आणि जिमखान्याला कप ठेवायचं काचेचं मोठं कपाट देऊन आला. पितळी पट्टीवर शेटचं नाव. कपाट कॉलेजला चाललं. समारंभ झाला, नाश्ता झाला, आणि कमिटीतल्या प्रत्येकाच्या हातात शेटने एकेक डबी ठेवली. आत काय होतं ते सांगायला नको. नियम मुलांसाठी होता, कमिटीसाठी कुठं होता?

परत आल्यावर शेट आमच्याकडे बसून हसत हसत सांगत होता, "एक मास्तर मात्र येडा निघाला. डबी परत केली. म्हणाला, मला फक्त खजूर चालतात."

माझा भाऊ तिथंच बसला होता. तो तेव्हा शेटच्या गोदामात खोकी मोजत होता. तो हसला नाही. उठून पाणी पिऊन आला.

पुढे तीस वर्षं तो इथंच राहिला. गोदामातून स्टोअरकीपर झाला, जबल अलीच्या बंदरात नोकरी केली, लग्न केलं, मुलांना कॉलेजात घातलं. हॉकी स्टिक त्याच्या हातात मी पुन्हा पाहिली नाही. ते घड्याळ माझ्या कपाटात आहे. त्याला मी कधी किल्ली दिली नाही. आता भाऊ नाही, आणि माफी मागायची उरलीच असेल तर ती मागायला माणूस नाही.

एकदा मागितली होती. तो इथं कायमचा आला त्या दिवशी. थंडीचे दिवस होते. मी खाडीच्या काठाला सकाळपासून उभी होते. होडी लागली. तीच पेटी, पण खांद्यावर स्टिक नव्हती. त्याने पेटी वाळूवर ठेवली, आतून कॉलेजच्या शिक्क्याचा लखोटा काढला आणि माझ्या हातात दिला. आत डबी होती, आणि डबीला माझी चिठ्ठी तशीच बांधलेली. हमाल, होडीवाले, इराणी चहावाला, सगळ्यांसमोर मी मोठ्याने रडायला लागले. रडण्यातसुद्धा मला प्रेक्षक लागायचे. म्हटलं, "मला मार, शिव्या दे, पण काहीतरी बोल रे. मी हे शेटला परत करते, आत्ता जाऊन करते, पाया पडून करते."

तो पेटीवर बसला. बुटातली वाळू झाडली. चिठ्ठीकडे बघितलं आणि अगदी सावकाश, मला जराही न दुखावता म्हणाला,

"बुबू, घड्याळ परत करता येईल गो. मी न मारलेला तो तिसरा गोल कुणाला परत करू?"